निकड आकार

दुकानाच्या दारावर मोठ्या अक्षरांत झळकत होतं : कृत्रिम कान, फक्त नऊ हजार. रशीदाबींनी उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि आकडा एक्केचाळीस हजार झाला.

"दारावर काय थापा मारता हो?" त्या कडाडल्या.

"थापा नाहीत, चाची," डॉक्टर मगदूम म्हणाले. आकडा बदलणारी ही यंत्रणा त्यांनीच शोधलेली. "नऊ हजार मूळ किंमत. वर निकड आकार."

"तो काय असतो?"

"वस्तू फार हवी असली, की माणसाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या रुंदावतात, नाडी वाढते. उंबऱ्यातला संवेदक ते टिपतो. जितकी निकड, तितका आकार."

"मग नऊ हजारांत कुणाला मिळतो?"

"ज्याला नको आहे त्याला. कायद्यानं जाहिरात खरी आहे."

भाजीत अळी निघावी तसं रशीदाबींनी त्यांच्याकडे पाहिलं. मापात मारणारे, ओली हळद गळ्यात घालणारे त्यांनी जन्मभर पाहिले होते. पण ते निदान नजर चुकवायचे. हा शहाणा नजरेतूनच पैसे काढत होता, वर भिंतीला पदवी टांगून.

कान हवा होता नवऱ्यासाठी. अमीनसाहेब मिरजेत तंबोरे करायचे. तारेखाली दोरा सरकवून सुराला झंकार आणायचा, तर कान लागतोच. ऐकू येईनासं झाल्यापासून वर्षभर काम बंद होतं. माणूस कोपऱ्यातल्या भोपळ्यासारखा बसून असायचा.

पूर्वी बाजारात एकच रीत होती : तोंड वाकडं करून "राहू द्या" म्हणायचं नि चालू पडायचं. चौथ्या पावलाला दुकानदार हाक मारी. रशीदाबी चालू पडल्या. आकडा त्रेचाळीस हजार झाला.

"सोंग चालत नाही, चाची. खरंच नको वाटलं पाहिजे."

"असं? मग वाटेल."

महिनाभर त्या रोज सकाळी बसून नवऱ्याचे अपराध आठवत राहिल्या. पहिल्या बाळंतपणात मैफलीला गेला. अम्मीच्या मयतीला उशिरा पोचला. आधी रडू येई, मग राग. पुढे तोही येईना. मग त्या दुकानात शिरल्या, तर आकडा नऊ हजारांवरून हलला नाही.

मगदूमांचा चेहरा पडला. "असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं."

"तुझ्यासारखे छप्पन पाहिलेत मी."

घरी येऊन त्यांनी कान बसवला. अमीनसाहेबांनी तार छेडली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आता तू बोल, रशीदा. वर्ष झालं तुझा आवाज ऐकून."

रशीदाबींनी आत बराच वेळ शोधलं.

"जेवणार का?" एवढंच सापडलं, तेही परक्या पाहुण्याला विचारावं तसं.