वडाचा घेर

२६ एप्रिल १९८४, गुरुवार. आभाळ मोकळं, वारा पडलेला, सकाळपासून अंगाला चिकटणारा उकाडा.

त्या दिवशी उन्हं उतरल्यावर विमला परुळेकर मुलुंडच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याने निघाली. काम अगदी साधं होतं. एका वडाचा घेर मोजायचा होता.

विमला कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. वनस्पतीशास्त्राच्या केळुसकर सरांनी उपनगरातल्या मोठ्या झाडांचा अभ्यास हाती घेतला होता. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतची झाडं निवडायची, छातीच्या उंचीवर त्यांचे घेर घ्यायचे, तीच झाडं पुन्हा पुन्हा मोजायची, आणि कोणतं झाड पुढे किती वाढेल याचं गणित आधीच मांडून ठेवायचं. गणित सरांचं, उन्हातली पायपीट विमलाची. तिची तक्रार नव्हती. घरी ती आणि नवरा चंद्रप्रकाश, दोघंच. तो कांजूरमार्गच्या एका कारखान्यात लेथवर काम करी आणि संध्याकाळी उशिराच येई.

वस्ती संपते तिथे, शेवटच्या बैठ्या चाळीच्या मागे तो वड उभा होता. पाहताच विमलाला बरं वाटलं, कारण बुंधा कोरा होता. एरवी कुठलाही वड मोजायचा म्हणजे वटपौर्णिमेच्या दोऱ्यांचे वर्षानुवर्षांचे थर, त्यात अडकलेल्या कुंकवाच्या पुड्या, ठोकलेले खिळे, हे सगळं दाबून पट्टी फिरवावी लागे. इथे एक दोरा नव्हता. चाळ तर सगळी कोकणातल्या माणसांची. पुढे तिला कळलं, की वटपौर्णिमेला इथल्या बायका बाजारातून वडाची फांदी विकत आणतात आणि घरातच पाटावर ठेवून पूजतात. मागच्या दारात एवढा वड असताना. पण हे कळलं पुढे.

कॉलेजची मोजपट्टी पंधरा फुटांची. ती बुंध्याला पुरली नाही. तेव्हा विमलाने पिशवीतून पांढऱ्या सुती दोऱ्याचा नवा गुंडा काढला. लंबकाच्या प्रयोगाला लागतो तो साधा दोरा. वडाचा बुंधा खाचाखोचांचा, एकच वेढा घेतला तर माप चार बोटं इकडेतिकडे व्हायचं. मुलांना ती दरवर्षी पेन्सिलीवर तार गुंडाळायला लावी. एका वेढ्यावर विसंबायचं नाही, पुष्कळ वेढे घ्यायचे आणि भागायचं, म्हणजे चूक कमी होते. तेच तिने इथे केलं. दोऱ्याचं टोक सालीच्या खपलीत अडकवलं आणि उजवा हात झाडाकडे ठेवून ती वडाभोवती फिरू लागली.

दहा वेढे घ्यायचे होते. सातव्याला गुंडा संपला. तिने दोन्ही टोकांची गाठ मारली आणि गाठीवर पेनाने निळा ठिपका दिला.

वळून पाहते तर चाळीच्या मागच्या दारात एक म्हातारी उभी होती. उजव्या हातात हिरव्या बांगड्या, डावा हात पदराखाली. रुक्मिणी तिचं नाव. ती किती वेळ पाहत होती कोण जाणे.

"कोणाच्या नावान बांधलंस गो?" तिने विचारलं.

विमला हसली. "कोणाच्या नावाने नाही, आजी. माप घेतेय झाडाचं."

"घोव आसा मां तुका?"

"नवरा? आहे की."

म्हातारी आत वळली. आत ओट्यावर तिचा नवरा लवू सुपारी कातरत बसला होता. वय ऐंशीच्या घरातलं, पण माणूस कसा, तर नारळाच्या घडासारखा भरलेला.

दुसऱ्या दिवशी विमलाने सरांना सांगितलं. गुंड्यावर दोऱ्याची लांबी छापलेली होती, त्यामुळे माप निघालं. सर म्हणाले, दोरा तसाच राहू द्या. झाड वाढलं की तो तुटेल, कधी तुटतो तेही कळेल.

दोरा तुटला नाही.

मे महिन्याच्या सुरुवातीला चंद्रप्रकाशच्या कमरेचा पट्टा सैल झाला. त्याने एक भोक आत घेतलं. आठवड्याने आणखी एक. मग पट्ट्याला भोकं उरली नाहीत, तेव्हा विमलाने खिळा गॅसवर तापवून नवं पाडलं. जळक्या चामड्याचा वास घरभर झाला.

"लग्नातली पँट काढ गं," चंद्रप्रकाश म्हणाला. "आता होईल बघ मला."

दोघंही हसली. उन्हाळा आहे, जेवण जात नाही, असं म्हणून झालं. मग गालांची हाडं दिसू लागली. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, साखर तपासली. सगळं स्वच्छ. त्यांनी टॉनिक लिहून दिलं.

त्याच सुमारास विमला वड पाहायला गेली. दोरा दिसेना. आधी वाटलं कोणी काढून नेला. मग बोटाने चाचपलं, तेव्हा साल दोन्ही बाजूंनी फुगून वेढ्यांवर मिटलेली लागली. बाहेर राहिली होती फक्त गाठ, निळा ठिपका वर करून. तिने वरून दुसरा दोरा फिरवला. घेर चांगला वीतभर वाढला होता. भर उन्हाळ्यात, पाण्याचा थेंब नसताना.

तिने बुंध्यावर हात टेकला. साल कोमट होती. वाकून पाहताना वास आला. चिकाचा नव्हे, पाचोळ्याचा नव्हे. लेथच्या तेलाचा. चंद्रप्रकाशचा कारखान्याचा शर्ट रोज भिजवताना येतो तोच.

केळुसकर सर खूश झाले. फळ्यावर त्यांनी रेघ काढली आणि या वेगाने वड जून अखेरीला कुठे जाईल ते दाखवलं. रेघ वर चढत होती. विमला तिच्याकडे पाहत राहिली. घरी अशीच एक रेघ होती, पण ती खाली जात होती.

त्या संध्याकाळी चंद्रप्रकाशने न्हाणीतून टॉवेल मागितला. ती द्यायला गेली आणि दारातच थांबली. त्याच्या कमरेभोवती बारीक, खोल वळ उठले होते. लेंग्याची नाडी काचली असेल, तो म्हणाला. नाडीचा वळ एक असतो. तिने मनातल्या मनात मोजले. सात होते. बेंबीच्या बाजूला त्वचेखाली हरभऱ्याएवढी गाठ होती, आणि गाठीवर निळा ठिपका.

"काय गं?" त्याने विचारलं.

"काही नाही... पुसून घ्या."

दुसऱ्या दिवशी कॉलेजला न जाता ती रुक्मिणीच्या दारात गेली. म्हातारीने तिला आत बोलावलं नाही, पाणीही विचारलं नाही. जणू ती येणार हे ठरलेलंच होतं. विमलाने सगळं सांगितलं. कात्री आणली आहे, असंही सांगितलं. तेव्हा म्हातारीने प्रथमच मान वर केली.

"कापू नको. दोरो तुटलो काय तो पण तुटलो." मग आवाज उतरवून म्हणाली, "जेणी बांधल्यान तेणीच सोडवचो. उलटा फिरान. एक येढो मागे ऱ्हवता नये."

विमला उठली. म्हातारी म्हणाली, "थांब. सोडवलंस तर ठेवतलंस खंय, तां आदी ठरव. तेका जागा लागता."

सोडवलेला दोरा ठेवायचा कुठे, हे विमलाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुम्ही कुठं ठेवलात, आजी?"

रुक्मिणीने डाव्या हातावरचा पदर नीट केला. आतून लवूने खणखणीत आवाजात चहा मागितला. ती उठून गेली.

त्यानंतर विमला दोनदा वडाशी गेली. गाठ सुटेना. नखं तुटली, पण सालीतून चिमूटभरही दोरा वर आला नाही. रुक्मिणीने दारातूनच सांगितलं, की बायका वडाला दोरा बांधतात त्याच दिवशी वड तो सोडेल, एरवी नाही.

१३ जून, बुधवार. वटपौर्णिमा. पाऊस दोन दिवस थांबलेला, पण आभाळ इतकं खाली आलेलं, की सकाळीच घरात दिवा लावावा लागला.

चंद्रप्रकाशला आता उठवत नव्हतं. उशीवर डोकं होतं आणि त्याखाली चादर जवळजवळ सपाट दिसत होती. विमलाने जाडसर कापडाची पिशवी घडी करून घेतली. दोरा तिच्यात भरायचा, तोंड शिवायचं आणि ऐरोलीकडच्या खाडीत सोडायचा, असं तिने ठरवलं होतं.

"कॉलेज?" त्याने विचारलं.

"नाही. वडाला जाऊन येते."

तो हसला. हसताना त्याला धाप लागली. "सात जन्म मागू नकोस हां. आधी हा निभू दे."

रस्त्यात नटलेल्या बायका भेटल्या, हातात फांद्या. चाळीच्या मागे मात्र कोणी नव्हतं. सगळी मागची दारं लावलेली.

गाठ या वेळी लगेच सुटली. टोक धरून तिने ओढलं. साल उकलली आणि पांढरा चीक ओघळला. तिने डावा हात झाडाकडे ठेवून उलट दिशेने चालायला सुरुवात केली. पहिला वेढा सुटला तेव्हा आतून आवाज आला, कोणी कोंडलेला श्वास सोडावा तसा. दुसऱ्याला पुन्हा. चौथ्या वेढ्यापर्यंत दोरा पिशवीत जात होता. मग चिकाने तो इतका निसरडा झाला, की हातात ठरेना. पुढचा वेढा खोल रुतला होता. ती ओढत होती, दोरा सुळकन मागे जात होता. पिशवीतला दोराही पुन्हा बाहेर येऊ लागला, झाडाकडे. आणि बुंध्यातून, अगदी जवळून, चंद्रप्रकाश घरी हाक मारतो तशी हाक आली.

"विमल..."

तिने विचार केला नाही. पिशवीतला सगळा दोरा डाव्या हाताच्या पंजाला गुंडाळला, पक्की पकड घेतली आणि सगळं अंग मागे टाकून ओढला. पाचवा आला. तोही तिने हाताला गुंडाळला. सहावा आला. सातवा येताना पंजापासून मनगटापर्यंत कातडी दिसत नव्हती, नुसता ओला पांढरा दोरा. शेवटचं टोक सालीतून सुटलं आणि वास गेला. तेलाचा वास गेला, उरला फक्त चिकाचा.

पिशवी पायाशी रिकामी पडली होती.

रुक्मिणी मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने विमलाच्या हाताकडे पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

घरी येऊन विमलाने गरम पाणी, खोबरेल, रॉकेल, सगळं वापरून दोरा सोडवला. तो सुटला, आणि तिने तो खाडीत सोडलाही. पंजावर वळ राहिले. खोलीतून चंद्रप्रकाशने भूक लागली म्हणून सांगितलं.

श्रावण लागला तेव्हा तो कामावर रुजू झाला. गणपतीत त्याचा पट्टा जुन्या भोकावर आला. कमरेवरचे वळ गेले, निळा ठिपकाही गेला. ऑक्टोबरात केळुसकर सरांनी स्वतः वड मोजला. घेर एप्रिलइतकाच भरला. आधीच्या मापात चूक झाली असावी, असं ते म्हणाले. जानेवारीत पुन्हा मोजला, तेव्हा तो दोन बोटं वाढलेला होता.

विमलाला पहिल्यापासून दोन-सहा मापाच्या बांगड्या लागत. दिवाळीत कासाराने तिच्या उजव्या हातात दोन-सहाच्या भरल्या आणि डाव्या हातात एका मापाने लहान, दोन-चारच्या. संक्रांतीला उजव्या हातात दोन-सहाच्या, डाव्या हातात दोन-दोनच्या.