माझ्या माशातले त्याचे ठिपके

"ते ठिपके... माझे आहेत."

शेवटच्या रांगेतून आवाज आला आणि माझं बोलणं तोंडातच राहिलं. समोर मोठ्या पडद्यावर माझ्या माशाचं पिल्लू होतं. हिरवा मज्जातंतू, लाल स्नायू आणि दोघं जिथे भेटतात तिथे चमचमणारे ठिपके. हे आजवर कुणी पाहिलेले नाहीत, असं मी नुकतंच छाती फुगवून सांगितलं होतं. आणि हा म्हणतोय, माझे!

"तुमचे म्हणजे?"

तो उभा राहिला. उंच, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, चेहरा अगदी साळसूद. "म्हणजे ते प्लास्टिकचे मणी आहेत. सूक्ष्म. आपला मायक्रोस्कोप किती धूसर दाखवतो ते मोजायला, पिल्लू ज्यात धरून ठेवतात त्या जेलमध्ये मी मिसळले होते. आहेत पिल्लाच्या बाहेर, पण पुसट चित्रात आतले वाटतात. ती नळी बहुतेक तुम्ही उचललीत."

अख्खी खोली हसली. आमच्या गटाच्या प्रमुख मॅडमसुद्धा हसल्या, ज्या एरवी फक्त भुवया उचलतात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बैठक संपताच मी त्याला व्हरांड्यात गाठलं.

"नळीवर नाव लिहायला हात मोडले होते?"

"ती माझ्या यंत्राशेजारी होती. वाटलं, कोण घेणार..."

"मी घेणार! जेल सगळ्यांचं असतं."

"मणी घातलेलं नसतं," तो शांतपणे म्हणाला. त्या शांतपणानं तर माझं डोकं आणखी फिरलं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय चिडायचं? सांगते. तीन वर्षं मी एकच गोष्ट जीव तोडून सांगत होते. माशाच्या पिल्लाचा तुटलेला मज्जातंतू पुन्हा वाढतो आणि थेट स्नायूला जाऊन भिडतो. आमच्या चित्रात ती दोघं चिकटलेली दिसायची, पण चित्रच असं पुसट की खरंच चिकटलीत की नुसती जवळ आहेत, कुणालाच छातीठोक सांगता येईना. मॅडमनी बजावलं होतं, महिनाअखेरपर्यंत स्पष्ट चित्र आण, नाहीतर हे काम बंद आणि मासे दुसऱ्या गटाला. माझे मासे! ज्यांना मी सुट्टीच्या दिवशीही येऊन खाऊ घालत होते!

"मी काढून देतो स्पष्ट चित्र," तो म्हणाला.

"उपकार नकोत."

"भरपाई समजा."

असा तो यंत्रवाला माझ्या नशिबी आला.

त्याची खोली तळघरात. काळे पडदे, काळं टेबल आणि मधोमध तो मायक्रोस्कोप. त्यात काचेच्या चौकोनी भांड्यात पाणी, पाण्यात जेलच्या बारीक कांडीत धरलेलं माझं पिल्लू. बाजूनं प्रकाशाची एक पातळ पट्टी त्याच्यातून आरपार जायची, आणि त्या पट्टीत आलेला तेवढाच थर उजळायचा. कॅमेरा त्या पट्टीकडे काटकोनातून बघत असायचा. असे एकेक थर टिपत जायचे.

"तुमची पट्टी जाड आहे," त्यानं पहिल्याच दिवशी सुनावलं.

"माझी? यंत्र तुमचं!"

"बरं, आपली." त्यानं स्क्रीनवर एक ठिपका मोठा करून दाखवला. "हा मणी खरा गोल आहे. दिसतोय कसा?"

"लिंबाच्या बीसारखा. लांबुळका."

"म्हणजे यंत्र त्याला ताणतंय. किती ताणतंय ते मण्यांवरून कळतं. आधी पट्टी पातळ करायची, मग दोन बाजूंनी चित्रं घ्यायची, आणि जेवढं ताणलं गेलंय तेवढं हिशेबानं मागे ओढायचं."

"मग सरळ सांगा ना, मणी कामाचे आहेत."

"सांगत होतो. तुम्ही ओरडत होतात."

मी ओरडत नव्हते. माझा आवाजच तसा आहे!

मग रोज दुपारी तळघर. तो आरसा केसभर सरकवायचा आणि विचारायचा, "आता?" मी म्हणायचे, "मागे." तो म्हणायचा, "हळू बोला, पिल्लू घाबरेल." मी कांडी भांड्यात सोडताना तो श्वास धरून उभा राहायचा, आणि कांडी नीट बसली की आम्ही दोघं एकदमच श्वास सोडायचो. एकदा अंधारात त्याचा हात माझ्या हातावर पडला... दोघांनाही तोच स्क्रू हवा होता. त्यानं हात काढला नाही. मीही नाही. स्क्रू बिचारा तसाच राहिला.

घरी ताई विचारायची, "आज काय केलं त्यानं?"

"विचारू नकोस! मला म्हणतो, तू रागावलीस की नाक लाल होतं, मला दिवा लागत नाही."

"तू? तुम्हीवरून तूवर कधी आलात?"

"तो विषय नाहीये, ताई!"

"नाही ना," ताई म्हणाली आणि उशीत तोंड खुपसून हसत बसली. बहीण आहे की वैरीण!

महिनाअखेर आली आणि तो एकाएकी गायब. फोन उचलेना. दार ठोठावलं तर आतून "काम चाललंय" एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मात्र मी दार ढकलून आत शिरले. तो स्क्रीनसमोर बसला होता, दाढी वाढलेली. आणि स्क्रीनवर...

इतकं स्वच्छ चित्र मी जन्मात पाहिलं नव्हतं. हिरव्या तंतूचं टोक, लाल स्नायूची कड, दोन्ही अगदी रेखीव. आणि मध्ये काळी फट. बारीक, पण फटच. ती दोघं भिडलेली नव्हती.

मी स्टुलावर बसले.

"कधी काढलंस हे?"

"परवा."

"परवा! आणि मला सांगायला काय धाड भरली होती?"

"खात्री करत होतो. पट्टी अजून पातळ केली. दुसरं पिल्लू घेतलं, मग तिसरं..." त्यानं एकेक चित्र पुढे सरकवलं. "सगळ्यांत फट आहे."

"कीव आली माझी? मला काय लहान मूल समजतोस?"

"कीव नाही गं!" तो पहिल्यांदाच ओरडला. "आजवर मला एकच वाटत आलं, माझं यंत्र बरोबर दाखवू दे. परवा पहिल्यांदा वाटलं, चुकू दे. सगळं चुकलेलं निघू दे, आणि तू येऊन मला शिव्या दे. मला चालेल. तू रडलेली चालणार नाही."

मी रडतच होते. रागानंच, पण रडत होते.

"हे... हे असं सांगतात? माझी तीन वर्षं पाण्यात घालून?"

"मला दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं सांगता येत नाही." मग खाली बघत तो हळूच म्हणाला, "जुनं चित्र तुझ्याकडे आहे. त्यात चिकटलेली दिसतात. तू काय दाखवायचं ते तू ठरव. मी कुणाला काही बोलणार नाही."

झालं! डोक्यात अशी सणक गेली की रडणंच थांबलं.

"मला ओळखलंस ते एवढंच? मी खोटं दाखवीन आणि तू माझ्यासाठी गप्प बसशील? असलं प्रेम नकोय मला! ते चित्र दे इकडे!"

"प्रेम" हा शब्द आधी माझ्याच तोंडून गेला, हे मला जिन्यात कळलं. तोवर तो मागून धावत येत होता, आणि थांबून लाजायला मला वेळ नव्हता.

मॅडमनी चित्र बराच वेळ पाहिलं. भुवया उचलल्या. "म्हणजे तुझं म्हणणं चुकीचं होतं."

"हो," मी म्हणाले.

"मग हे काम बंद. मासे सोमवारी दुसऱ्या गटाला दे."

"हो, मॅडम."

त्यांनी चित्र पुन्हा जवळ घेतलं. "पण इतकं स्पष्ट कुणी काढलं?"

"आम्ही."

"आम्ही कोण? या यंत्रवाल्याशी तर तुझं भांडण आहे ना? तक्रार घेऊन आली होतीस."

तो दारात उभा होता, धापा टाकत. माझे मासे चालले होते, माझी तीन वर्षं चालली होती, आणि हा वेडा माझ्याकडे असा बघत होता, जणू मी अजून काहीतरी जिंकू शकते.

"आहेच भांडण," मी म्हणाले, "आणि मॅडम, यापुढे जन्मभर मला भांडायचं आहे ते फक्त याच्याशीच."