मागणी क्रमांक तीन

"वीस! परत वीसच!" तिसऱ्यांदा डोकी मोजून मी वही टेबलावर आपटली.

एकवीस जणी जमल्याशिवाय सभा भरत नाही, असा आमच्या सार्वजनिक आरोग्य परिचारिका संघटनेचा नियम. तो करणाऱ्या बायका फारच उत्साही असाव्यात. पंच्याण्णव सालच्या ऑगस्टमधला दुसरा रविवार होता. जयनगर चौथ्या ब्लॉकात, शिंप्याच्या दुकानावरची आमची खोली. आणि मी, कस्तुरी, वय वर्षं चौतीस, नवीकोरी अध्यक्ष, एका डोक्यासाठी अडून बसले होते.

खाली कुणी रेंगाळतंय का बघावं म्हणून जिना उतरले, आणि शेवटच्या पायरीवर एका माणसावर धाडकन आदळले. माझी वही एकीकडे, त्याची छत्री दुसरीकडे.

"अगं बाई!"

"सॉरी, सॉरी... लागलं काय वो?"

मराठी! बेंगळूरच्या रस्त्यावर, मराठीत विचारपूस! मी लागलेलं विसरून त्याच्याकडे बघतच राहिले. उंच, सावळा, केस विंचरलेले पण डोक्यावर एक बट उभी. हातात आमच्याच सभेचं परिपत्रक, चार घड्या घातलेलं.

"तुम्ही इथे काय करताय?"

"उभा आहे," तो म्हणाला. "मागच्या दोन सभांनाही उभा होतो. वर यायचं धाडस होईना. मी नर्स आहे. सयाजी. खानापूरचा. टी.बी.च्या दवाखान्यातनं घरोघरी फिरतो, लोक गोळ्या घेतात का बघायला. तुमच्या संघटनेत... पुरुष चालतात काय?"

"ते नंतर बघू. आधी वर चला. मला एकवीस हवेत."

वर सगळ्याजणी त्याच्याकडे बघायला लागल्या. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या चंपक्का चष्मा पुसत म्हणाल्या, "हे कुणाला आणलंस गं? ब्रदर?"

"एकविसावा सभासद," मी म्हटलं. "बाईच हवी असं नियमात कुठंय, दाखवा."

चंपक्कांनी नियमावली पुढून मागून वाचली आणि "सरी, सरी, बरं तर" म्हणून ती मिटली. सभा भरली.

हजेरीच्या वहीत मी सिस्टर कस्तुरी, तो ब्रदर सयाजी. आता असल्या नावांनी कुणी प्रेमात पडायचं तरी कसं, सांगा!

पण त्याआधी माझं घर सांगायला हवं. गवीपुरममध्ये तीन खोल्या. आमची माणसं शेकडो वर्षांपूर्वी इकडे आली ती इथलीच झाली. मराठी राहिलं ते उंबऱ्याच्या आत. अप्पासाहेब, म्हणजे माझे वडील, होते तोवर ते भाजीत मीठ कमी पडल्याचं मराठीत सांगायचे. ते गेल्यावर घरात मराठी बोलायला उरलो मी आणि देव. त्यातला देव बोलत नाही. माझ्या भागातली चारशे घरं मला तोंडपाठ होती; कुणाला कितवा महिना, कुणाचा ट्रिपल लसीचा दुसरा डोस राहिलाय, सगळं. मी जेवले का हे मात्र चारशे घरांत कुणाला विचारावंसं वाटलं नाही. दोष त्यांचा नाही. सिस्टर जेवलेलीच असते, असं लोक धरून चालतात.

म्हणून माझा जीव त्या संघटनेत होता. उन्हातान्हात गल्ल्या तुडवून टाचा फुटलेल्या आमच्या बायका मोठ्या बैठकीत भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. प्रश्न त्यांच्या कामाचा, उत्तर मात्र दुसराच कुणी द्यायचा. अध्यक्ष झाल्यावर मी पहिला नियम केला, की जी कधीच बोलली नाही तिनंच या महिन्याची सभा चालवायची. भव्या नावाची एक मुलगी दोन बस बदलून खेड्यातल्या केंद्रातून यायची. पहिल्यांदा खुर्चीत बसली तेव्हा फक्त "नमस्कार" म्हणाली आणि रडायला लागली. तीन महिन्यांनी तिनंच एका मोठ्या साहेबांना तोंडावर विचारलं, "लसीचा वार बदलताना आम्हाला का विचारलं नाहीत, सर?" त्या दिवशी घरी जाऊन मी एकटीनंच गोडाचा शिरा केला आणि एकटीनंच खाल्ला.

सयाजी आला आणि टायपिंगचं काम त्याच्या गळ्यात पडलं. दोन बोटांनी टाइप करायचा, पण बोटं अशी नाचायची की बघत राहावं. सरकारला निवेदन द्यायचं होतं. मी सांगायची, तो बडवायचा. मागणी एक, नर्सच्या कामावर देखरेखीला नर्सच हवी. मागणी दोन, नियोजनाच्या बैठकीत आम्हाला खुर्ची हवी. मागणी तीन, लांबच्या जिल्ह्यांतल्या रिकाम्या जागा भरा.

"नुसतं 'भरा' नको," मी म्हटलं. "गावांची नावं घाला. नावं नसली की कागद फायलीत झोपतो."

"मग कोंगळवाडी घाला. बीदर जिल्हा. मामाच्या गावाशेजारी आहे." त्याची बोटं थांबली. "चार वर्षं दोन जागा रिकाम्या. टी.बी.साठी एक आणि सार्वजनिक आरोग्य परिचारिकेची एक. माणसं महिनाभर गोळ्या खातात, बरं वाटलं की सोडतात. परत आजारी पडतात. 'का सोडल्या' म्हणून विचारायलाच कोण नाही वो."

मी कोंगळवाडीच्या खाली लाल रेघ ओढली. माझ्याच हातानं.

"सिस्टर..." तो माझ्याकडे बघत होता.

"काय?"

"गालाला कार्बन लागलाय."

मी पुसला. दुसऱ्याच गालाचा. तो हसला, हात उचलला... आणि अर्ध्यावरून खाली घेऊन खिशातला रुमाल पुढे केला. धुऊन घडी घातलेला रुमाल. मी तो परत द्यायला विसरले. बरं, विसरले नाही. दिला नाही.

सभेनंतर आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात जायचो. तिथले देवाप्पा पंचवीस वर्षं कॉफी देत आलेले. पहिल्या दिवशी सयाजी म्हणाला, "बाय-टू", आणि एका कॉफीचे दोन पेले आले. मी पेला हातात धरून बघतच बसले.

"काय झालं? साखर कमी?"

"नाही... मी पहिल्यांदाच बाय-टू पितेय. एकट्या माणसाला बाय-टू मागता येत नाही ना."

त्यानं आपल्या पेल्यातली थोडी कॉफी माझ्या पेल्यात ओतली.

"हे काय? आता निम्मी-निम्मी राहिली नाही."

"मोजालाय कशाला वो? सभेत मोजा की!"

असे नऊ रविवार गेले. माझ्या मराठीत "थोडं थांबा"ऐवजी कन्नड वळणाचं "स्वल्प थांबा" आलं की तो खदखदून हसायचा, त्याचं खानापुरी "करालाय" ऐकून मी हसायची. महिन्यातून एकच रविवार, पण बाकीचे दिवस त्याच्याच तयारीत जायचे. "रिकामा आला, भरून गेला" असं अप्पासाहेब पुन्हा भरलेल्या कॉफीच्या पेल्याला म्हणायचे. माझं तसंच काहीसं चाललं होतं, आणि मला ते कबूल करायची लाज वाटत होती.

मे महिन्यात पत्र आलं. मागणी एक विचाराधीन. मागणी दोन विचाराधीन. मागणी क्रमांक तीन मान्य! बायकांनी नुसता कल्ला केला. चंपक्कांनी पदराखालून म्हैसूरपाकाचा डबा काढला. सयाजी तेवढा मागं खिडकीशी उभा होता.

"घ्या ना! तुम्हीच टाइप केलंत की!"

त्यानं वडी घेतली नाही. खिशातून लिफाफा काढून माझ्या हातात दिला. बदलीचा हुकूम. कोंगळवाडी. पंधरा दिवसांत हजर व्हायचं.

हातातली वडी कुठे ठेवावी तेच मला कळेना.

"चांगलंच झालं की," मी म्हटलं. केवढं खोटं बोलले!

"होय की," तो म्हणाला. तोही खोटारडाच.

चंपक्कांची नजर म्हणजे काय, चाळीस वर्षं बाळंतिणींचे चेहरे वाचलेली. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "तोंड असं का पाडलंस? सहचिटणीसाची जागा रिकामी आहे ना? पुढच्या रविवारी जादा सभा घे, त्याला कर सहचिटणीस. पदाधिकाऱ्याची मुदत संपेपर्यंत बदली होत नाही. तुझी झाली का? तशी त्याचीही थांबेल."

"चंपक्का, ती जागा खेड्यातल्या बाईसाठी ठेवायची, असा ठराव आहे. मीच केलाय."

"ठराव तूच केलास, तूच मोड. कोण विचारतंय? सगळ्या हात वर करतील. आम्हाला काय डोळे नाहीत?"

तो आठवडा मी कसा काढला, माझं मला माहीत. सयाजी राहिला तर माझे रविवार राहणार होते. गेला तर परत मी आणि देव. खरं सांगू? शुक्रवारी मी सूचनेच्या कागदावर त्याचं नाव लिहिलं. सुवाच्य अक्षरात. मग त्याच कागदावर डोकं ठेवून खूप रडले. नियम मोडायचं वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत होतं ते कोंगळवाडीचं, जिथे "का सोडल्या गोळ्या" विचारायला कुणी नव्हतं. आणि भव्याचंसुद्धा.

रविवारी भव्या पहिल्या रांगेत बसली होती. इस्त्रीची साडी, हातात घामेजलेला कागद, ओठ हलत होते. ती भाषण पाठ करत होती. मागं खिडकीशी सयाजी उभा होता, केसांची बट उभी.

मी उठले. पर्समधला कागद काढलाच नाही.

"सहचिटणीसपदासाठी मी... भव्याचं नाव सुचवते. अनुमोदन कोण देतं?"

एकही हात वर होईना. एकोणीस बायका माना वळवून खिडकीकडे बघत होत्या. चंपक्कांनी कपाळावर हात मारला. भव्या गोंधळून माझ्याकडे पाहायला लागली.

"मी देतो," मागून आवाज आला. "माझं अनुमोदन."

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. समोरचं काही धड दिसत नव्हतं.

सभेनंतर आम्ही हॉटेलात गेलो. देवाप्पांनी न विचारता बाय-टू आणून ठेवली.

"रागावलात?" मी विचारलं.

"तुम्ही माझं नाव घेतलं असतंत तर रागावलो असतो." तो पेला फिरवत राहिला. "आणि घेतलं नाहीत तर... घरी जाऊन रडणार होतो. दोन्ही ठरवून आलो होतो."

मी हसले. हसता हसता डोळ्यातलं पाणी कॉफीत पडलं.

"कस्तुरी..."

नुसतं कस्तुरी. पुढे सिस्टर नाही, मागे बाई नाही. अप्पासाहेब गेल्यापासून दोन वर्षांत मला कुणी अशी हाक मारली नव्हती.

"तिकडे बाजारात मराठी बोलतात," तो म्हणाला. "भाजीवाल्याशी भांडायचं तरी मराठीत. तुम्हाला आवडलं असतं..."

"असतं कशाला?" मी म्हटलं. मला बोलायचं होतं. जिला कधीच बोलता आलं नाही तिनं बोलायचं, हा नियम माझाच ना! "कोंगळवाडीला जागा दोन आहेत. टी.बी.ची भरली. दुसरी अजून रिकामीच आहे. माझी अध्यक्षपदाची मुदत मार्चमध्ये संपते. तोवर भव्या तयार होईल. मग..."

"मग?"

"मग माझीही बदली होऊ शकते. मागितली तर नक्कीच. तिकडे जायला कुणी मागत नाही म्हणतात. मला तुम्ही आवडता, सयाजी. फार. हे सूचनेच्या कागदावर लिहिता येत नाही, म्हणून तोंडानं सांगतेय."

त्यानं पेला बाजूला सरकवला. मग त्यानं टेबलावर माझ्या हातावर हात ठेवला. टायपिंगनं टोकं टणक झालेली ती बोटं.

"अनुमोदन," तो म्हणाला.

त्या बुधवारी दुपारी मॅजेस्टिकच्या स्टँडवरून त्याची बस सुटली. खिडकीतून त्यानं एक हात बाहेर काढला, आणि बस वळेपर्यंत तो हात आत गेला नाही. माझ्या मुठीत त्याचा रुमाल होता. तो मी या वेळीही परत दिला नाही. घरी आले, देवापाशी दिवा लावला आणि त्याला मराठीत सगळं सांगितलं.

जूनचा दुसरा रविवार आला. सभा भव्यानं चालवली, एकवीसच्या जागी तेवीस जणी होत्या. नंतर मी एकटीच कोपऱ्यावर गेले, त्याच टेबलावर बसले. समोरची खुर्ची रिकामी होती, आणि रिकामी खुर्ची किती मोठी दिसते ते मला पुन्हा कळलं. पर्समध्ये कोंगळवाडीचं पत्र होतं. बावीस माणसं परत गोळ्या घ्यायला लागली, असं त्यात लिहिलं होतं, आणि खाली, जेवलात काय?

देवाप्पा खांद्यावर फडका टाकून आले. "बाय-टू ना, अक्का?"

"नको, देवाप्पा. फुलच द्या," मी म्हटलं. "मार्चपर्यंत."