पाडव्याला गाडी उठवायची असते

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायला डोकं ताजं लागतं, आणि ते माझ्याकडे बरेच दिवस नाही. हॉस्पिटलचा रिपोर्ट मात्र ड्रॉवरमध्ये आहे. विश्वास ठेवायचा की नाही, तुम्ही ठरवा.

गेल्या वर्षीचा गुढीपाडवा. ३० मार्च, रविवार, सकाळचे साडेआठ. कॅनडातलं हॅमिल्टन.

मी अनुया. वृद्धांच्या केअर होममध्ये नाइट ड्यूटी करते आणि शोभाकाकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहते. त्यांचे मिस्टर, नंदनकाका, स्टीलच्या कारखान्यात इंजिनिअर होते. ते डिसेंबरमध्ये गेले आणि मी जानेवारीत राहायला आले. त्यांना मी फक्त फोटोत पाहिलंय.

माझ्या खोलीत, उशाशी असलेल्या फळीवर, जुन्या टॉवेलखाली एक हिरवा दिवा चमकत असतो. इंटरनेटचं काहीतरी असेल, असं मी धरून चालले होते.

काकांची एक जुनी गाडी गराजमध्ये होती. नोव्हेंबरमध्ये ते तिला झोपवायचे. टाकी फुल करायची, वर चादर घालायची. आणि पाडव्याच्या सकाळी उठवायचे. तीस वर्षांत एकदाही चुकलं नाही म्हणे.

त्या दिवशी मी सलग सोळा तास काम करून आले होते. बूट काढायचंही जिवावर आलं होतं.

काकू दारातच उभ्या होत्या.

"अनुया, दोनच मिनिटं. गाडी स्टार्ट करून दे ना. मला ड्रायव्हिंग येत नाही गं. ह्यांचा नेम मोडायला नको."

नाही म्हणायलाही त्राण लागतं. मी किल्ली घेतली. काकू घरामागच्या लाकडी डेकवर गुढी उभारायला गेल्या.

गाडीवरची चादर काढली. आत स्टिअरिंगला एक पुठ्ठा बांधला होता. त्यावर काकांचं अक्षर.

'आधी दार. मग बॉनेट. शेवटी किल्ली.'

गराजचं दार हाताने उचलायचं होतं. रात्री फ्रीझिंग रेन, म्हणजे पडताच गोठणारा पाऊस, झाला होता आणि दार खालून बर्फाने चिकटलं होतं. दोनदा ओढलं, हललं नाही. बंद गराजमध्ये इंजिन चालू ठेवलं तर धुराने माणूस मरतो, हे मला माहीत होतं. पण दोनच मिनिटं तर होती. बॉनेट उघडायचं मनातही आलं नाही.

मी सीटवर बसले. किल्ली फिरवली.

गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली.

घरघर... संथ, एकसारखी. हळूहळू हीटरमधून ऊब यायला लागली. मी डोळे मिटले. फक्त क्षणभर.

टक... टक... टक...

कुणीतरी बॉनेटवर वाकवलेल्या बोटाने ठोकत होतं.

मला डोळे उघडता येईनात. डोकं ठणकत होतं.

टक... टक... टक...

आता माझ्या कानाशी. काचेवर.

डोळे उघडले. कुणीच नव्हतं. इंजिन बंद होतं. आणि किल्ली... किल्ली समोरच्या भिंतीवर खिळ्याला लटकत होती.

आरशात पाहिलं.

मागे गराजचं दार पूर्ण वर गेलेलं होतं.

मी रांगत बाहेर आले आणि उलटी केली. ड्राइव्हवेवर मधल्या वेळात पडलेला ताजा भुरभुरता बर्फ होता. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

काकूंनी ९११ ला फोन केला. माझ्या रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला. आणखी दहा मिनिटं गेली असती तर तू उठली नसतीस, असं डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी मला हॉस्पिटलमधून घरी सोडलं, तेव्हा शेजारचे उल्हासकाका गाडी बघायला आले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि माझ्याकडे वळले.

"अनुया, गाडी स्टार्ट झाली होती? शुअर?"

"मी आत बसले होते, काका."

"अगं, हिच्यात बॅटरीच नाहीये."

मी वाकून पाहिलं. बॅटरीची जागा रिकामी होती. दोन्ही वायरी प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधलेल्या. रबरबँडवर धूळ तशीच होती.

मग काकूंना आठवलं. थंडीत बॅटरी मरते म्हणून नंदनकाका ती काढून घरात ठेवायचे. आम्ही सगळं गराज शोधलं, वरचं कपाट शोधलं.

शेवटी ती माझ्या खोलीत सापडली. माझ्या उशाशी, त्या टॉवेलखाली, चार्जरला लावलेली.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," उल्हासकाका म्हणाले. कुणी हसलं नाही.

काकूंनी फोटोसमोर श्रीखंडाची वाटी ठेवली. "ह्यांनीच दार उघडलं. ह्यांनीच वाचवलं तुला."

असेल. दार त्यांनी उघडलं असेल.

पण बॅटरी नसताना गाडी चालू कुणी केली?

हे मी काकूंना विचारलं नाही. भीती वाटते मला, त्यांच्याकडे उत्तर असेल याची.

यंदाचा पाडवा दोन आठवड्यांवर आलाय. काल काकू जिना उतरून खाली आल्या. हातात किल्ली होती.

"या वर्षीही तूच ये हं. ह्यांना आता तुझी सवय झालीय."

किल्ली त्यांनी टॉवेलशेजारी ठेवली आणि वर गेल्या.

मी दुसरी खोली शोधतेय. ड्यूटीवरून आल्यावर, डोळे मिटेपर्यंत जमेल तेवढं. अजून मिळालेली नाही.