बांधावरचं गवत

"वहिनी, तुम्ही जरा आतच थांबा... पाहुण्यांना निकिता ओवाळील."

पुंजारामानं हे सहज म्हटलं, पण नवसाबाईच्या हातातलं औक्षणाचं ताट असं कलंडलं की निरांजनातलं तूप कुंकवात सांडलं! धाकटा दीर... आई गेल्यावर जिनं त्याला न्हाऊमाखू घातलं, नवरा गेल्यावर माहेरची माणसं न्यायला आली तरी जी त्याच्यासाठी सिन्नरच्या या खडकाळ उतारावर राहिली, ती आज पांढऱ्या कपाळाची म्हणून आत!

आणि पाहुणे कशाला येत होते? गवत बघायला! उतारावरची माती पावसात वाहून जायची, म्हणून नवसाबाईनं माहेराहून मारवेल गवताचे ठोंब डोक्यावर आणून बांधाबांधाला लावले होते. तेव्हा गाव हसलं होतं. आता शेतीची पदविका घेतलेल्या निकितानं, पुंजारामाच्या बायकोनं, त्यालाच 'मृदसंधारणाचा अभिनव प्रयोग' म्हटलं, एका संस्थेकडं अनुदान मागितलं, सत्कार झाला आणि पेपरात शाल घेतानाचा फोटो आला... निकिताचा! गवत लावताना कुणी फोटो काढत नाही. शाल घेताना सगळे काढतात. जगाची रीतच अशी हलकट!

मत्सर! नवसाबाईच्या काळजात त्या फोटोपासून हाच इंगळ फुललेला होता. धाकट्या जावेची हसरी जिवणी, तिच्या हिरव्या बांगड्या, तिचं सफाईदार बोलणं... सगळं सगळं तिला डाचत होतं. ताट ओट्यावर ठेवून ती मागच्या दारानं निघाली, गोठ्यापाशी थबकली, आणि... शेळ्यांची दावी सोडली!

संस्थेची एक अट कडक होती, बांधावर चराई नको. पाहुणे पोचले तेव्हा शेळ्या बुडख्यापर्यंत गवत फस्त करत होत्या.

"कुणी सोडल्या या?" संस्थेच्या साहेबांनी विचारलं.

निकितानं गोठ्याकडं पाहिलं. मोकळी दावी दिसली... आणि खांबाआड उभी जाऊबाईही दिसली.

"मीच, साहेब. बांधायच्या राहिल्या माझ्याकडून."

"मग कसलं संवर्धन करता हो बाई तुम्ही?"

चारचौघांत निकिताची मान खाली गेली. याच सुखासाठी तर नवसाबाई तडफडत होती! पण सुख कुठलं! ती धावत पुढं आली.

"खोटं बोलती ती! शेळ्या म्या सोडल्या. जळत व्हते मी तिच्यावर... जळत व्हते!"

"आणि गवतही यांनीच लावलंय, साहेब," निकिताला हुंदका आवरेना. "मी आधीच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. शाल... शाल आवडली होती मला!"

साहेबांनी हातातली फाईल मिटली. अनुदान गेलं. जीप धुरळा उडवत निघून गेली.

ताट ओट्यावर तसंच पडलं होतं. निकितानं निरांजनात नवी वात लावली आणि ती जाऊबाईपुढं उभी राहिली.

"येडी का काय तू? मला नको! या कपाळाला..."

"गवत लावणारीला ओवाळतेय मी, ताई. कपाळाला नाही."

पुंजाराम खाली मान घालून पुढं आला. "वहिनी... चुकलो."

"चुकलासच!" नवसाबाईनं डोळे पुसले. "ठोंब जित्ते हायेत रं. मुळं नाय खाल्ली शेळ्यांनी. फुटतील परत."

ज्योत तिच्या चेहऱ्याभोवती फिरली. तिनं पदर सारखा केला, दिराकडं तिरपं पाहिलं.

"आन मंग? आता फोटू काढणार हाय का नाय कुणी?"