मागच्या बेटाचा खिळा

लागोपाठ तीन सकाळी बेटावर लाल चादर चढली नाही, म्हणून चौथ्या दिवशी उजाडता उजाडता तिघं जणं गोठलेल्या सरोवरात उतरली. काम एकच होतं. बेटावरच्या लॉजचा म्हातारा राखणदार जिवंत असेल तर त्याला घेऊन यायचं. नसेल तर काय, ते कुणी बोललं नव्हतं. पण होडीत जादा दोर आणि ताडपत्री टाकताना तिघांनीही एकमेकांची नजर टाळली होती.

सरोवर एवढं मोठं की पलीकडचा काठ कधी दिसतच नसे. दिसे ते फक्त नऊ किलोमीटरवरचं एक बेट, उपड्या कढईसारखं. त्या बेटावर लाकडी लॉज होता. उन्हाळ्यात तिथे चाळीस पाहुण्यांची गजबज असायची. हिवाळ्यात मात्र राखणदार एकटा. छपरावरचं बर्फ उतरवायचं, पाण्याचे नळ फुटू द्यायचे नाहीत, एवढं त्याचं काम. जुना वायरलेस होता, पण थंडी पडली की त्याची बॅटरी मान टाकायची. म्हणून ठरलेलं होतं : रोज सकाळी आठला खांबावर लाल चादर चढवायची. काठावरच्या घरातून त्याची थोरली मुलगी दुर्बिणीतून ती बघायची, आणि मगच चहा घ्यायची.

थोरली म्हणजे लॉजचं स्वयंपाकघर. चाळिशीची, उन्हाळाभर चाळीस ताटं एकटीच्या जिवावर चालवणारी. धाकटी लग्न करून दूर गेली, आई जाऊन सहा वर्षं झाली. बापाचं बघायला तीच उरली. तिच्याबरोबर निघाला होता बोटवाला. तीस वर्षांत त्याला कुणी घाई करताना पाहिलं नव्हतं, म्हणून सगळे त्याला कासव म्हणत. आणि तिसरा तिचा मामा, सुतार. मामा आणि बाबा अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. लॉजचा जिना मामाने बांधला होता, आणि बाबांनी भर पाहुण्यांत तो वाकडा आहे असं म्हटलं होतं.

"मी काही दाजींसाठी येत नाहीये," मामाने होडीच्या कडेला हात घालत आधीच सांगून टाकलं. "माझा जिना कसा आहे ते बघायला येतोय."

"जिना तुमची वाट बघत असेल," कासव म्हणाला. "पुढे व्हा. आणि कडेवरचा हात मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

दिवस वाईट होते. होडी चालवायला बर्फ जास्त, माणसाने चालायला कमी. अशा दिवसांत सरोवर ओलांडायची एकच रीत : हलकी होडी, तिच्या बुडाला लोखंडी पट्ट्या, आणि दोन्ही अंगांना माणसं. होडी ढकलत चालायचं. पायाखालचं बर्फ गेलं की पोट होडीच्या कडेवर टाकायचं. आत पडायचं, वल्ह्याने बर्फ फोडत पुढे सरकायचं, जाड बर्फ लागलं की पुन्हा उतरायचं.

पहिले दोन तास बरे गेले. मग बर्फाचा रंग बदलला. पांढऱ्याचा करडा झाला, करड्याचा काळसर. कासवाने हात वर केला. सगळे थांबले. खालून कुणीतरी दात खावेत तसा आवाज येत होता.

"हळू," कासव म्हणाला.

तेवढ्यात बर्फ गेलं!

थोरली कडेवर पालथी पडली. कासव आत उडाला. मामा घसरला. त्याचा हात कडेवरून निसटला, टोपी पाण्यावर राहिली आणि मामा गायब झाला. थोरलीने पाण्यात हात घातला. काही नाही. खांद्यापर्यंत घातला. बोटांना कॉलर लागली. तिने ओढली. कासवाने दोर टाकला. दोघांनी मिळून ओल्या पोत्यासारखं मामाला आत घेतलं.

मामाचे ओठ निळे पडले होते. कासवाने त्याचे कपडे उतरवले, कोरडे चढवले, ताडपत्रीत गुंडाळलं, वर दोन सणसणीत शिव्या हासडल्या. बऱ्याच वेळाने मामाला वाचा फुटली.

"टोपी," तो म्हणाला. "तुझ्या मामीने विणलेली होती. आता घरी कसं जाऊ?"

थोरलीला हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. ते तिने तिथेच गिळलं.

बेटावर पाय ठेवला तेव्हा दुपार कलली होती. धक्क्यापासून लॉजपर्यंतची वाट बर्फाने बुजली होती. एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. धुराड्यातून धूर नव्हता. थोरली धावली. दार ढकलून आत शिरली, "बाबा" अशी हाक मारली आणि बूट झटकले. मागोमाग मामाला धरून कासव आला.

दाराच्या आत, डाव्या हाताला, बिल्ल्यांची फळी होती. हिची गोष्ट सांगायलाच हवी. फार वर्षांपूर्वी एक पाहुणा बेटावर हरवला, आणि तो हरवलाय हे कळायलाच रात्र उलटली. तो सापडला तो पाण्यात. तेव्हापासून बाबांनी नियम केला. प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला. फळीवर खिळ्यांच्या पाच ओळी : घर, धक्का, जंगल, टेकडी, मागचं बेट. जिकडे जायचं त्या ओळीत बिल्ला लावून जायचं, आलं की घराच्या ओळीत परत लावायचा. संध्याकाळी जेवणाआधी फळी बघायची. नियमाच्या बाबतीत बाबा पाहुण्यांवर डाफरायचे. स्वतः मात्र जाताना बिल्ला लावायचे आणि परत आल्यावर साफ विसरायचे. थोरली ताटं घेऊन जाता येता त्यांचा बिल्ला घरच्या ओळीत आणून लावायची. वीस वर्षं. हाताला सवयच लागून गेली होती.

कासवाने कंदील फळीवर धरला. बाबांचा बिल्ला, एक नंबरचा, घराच्या ओळीत लटकत होता.

"घरातच आहे म्हातारा," तो म्हणाला. "नाहीतर अगदी आसपास. शोधा."

चूल थंडगार होती. बादलीतल्या पाण्याचा दगड झाला होता. त्यांनी खालच्या खोल्या पाहिल्या, वरच्या पाहिल्या, तळघर पाहिलं, लाकडांची वखार पाहिली. विहिरीत दोर सोडला. थोरलीने बाबांच्या अंथरुणावर हात फिरवला. घडी मोडलेली नव्हती.

मामा थरथरत हत्यारांच्या पेटीशी बसला होता. "हातोडी नाही," तो म्हणाला. "खिळ्यांचा डबाही नाही."

"म्हणजे छपरावर," कासव म्हणाला.

छपरावर कुणी नव्हतं. छपराखालच्या बर्फात त्यांनी काठ्या खुपसून पाहिल्या. काठी कशात रुतली की थोरली गुडघ्यांवर बसून हातांनी बर्फ उकरायची. एकदा लाकडाचा ओंडका निघाला. एकदा मोडकी खुर्ची.

"मागच्या बेटावर गेले असतील का?" मामाने विचारलं. मागचं बेट टेकडीपलीकडे होतं, मधे दीडेकशे मीटर पाणी. तिथे पक्षी बघणाऱ्यांसाठी एक लहानशी खोपी होती. टेकडी आड असल्यामुळे तिथला धूर ना काठावरून दिसायचा, ना लॉजवरून.

"बिल्ला घरात आहे," थोरली म्हणाली.

"दाजी बिल्ला लावायला विसरतात."

"परत आल्यावर विसरतात, मामा. जाताना कधी विसरले नाहीत."

कासवानेही मान हलवली. "मधलं बर्फ कच्चं आहे. तुम्ही असे भिजलेले, उजेड संपत आलेला. बिल्ला घर म्हणत असताना मी तिकडे कुणाला मरायला नेणार नाही. उद्या जंगल बघू."

त्या संध्याकाळी तिघांनी चुलीपाशी पथाऱ्या टाकल्या. पाहुणे ज्या खोल्यांसाठी वर्षवर्ष आधी नाव नोंदवायचे, त्या खोल्यांची दारं वाऱ्याने खडखडत होती.

सकाळी थोरलीने चहा केला. तीन कप घेऊन ती दारापाशी आली, कारण दोघं बाहेर निघण्याच्या तयारीत तिथे उभे होते. कासवाने जंगलाच्या ओळीत स्वतःसाठी एक बिल्ला लावला होता, मामाने त्याच्या शेजारी. थोरली फळीजवळून गेली आणि तिचा उजवा हात, कपासकट, आपोआप वर उचलला गेला.

ती तिथेच थांबली.

बोटांना काल काहीतरी गार लागलं होतं. बूट झटकताना, हाक मारताना. पितळ गार लागलं होतं. ती डोळे मिटून आठवू लागली. खालची ओळ. शेवटचा खिळा.

कप खाली पडले.

"मी लावला," ती म्हणाली. "काल आत आल्या आल्या बिल्ला मीच लावला घरात. तो मागच्या बेटाच्या खिळ्यावर होता."

मामाच्या चेहऱ्यावर एक क्षण असं काही आलं की थोरलीने मान खाली घातली. मग मामाने वाकून दोर उचलला.

"चल," तो म्हणाला. "रडायचं ते नंतर."

टेकडी चढायला अर्धा तास लागला. वारा उठला होता. वरून मागचं बेट दिसलं, आणि खोपीही. धूर नव्हता. मधलं बर्फ वाऱ्याने हलत होतं. एकीकडे काळी भेग तोंड उघडायची, मिटायची. होडी पुढच्या धक्क्यावर, टेकडीपलीकडे. ती आणायला दुपार झाली असती.

"सगळ्यांत हलकी मीच," थोरली म्हणाली.

कासवाने वाद घातला नाही. तिच्या पाठीला ताडपत्रीची गुंडाळी आणि कमरेला दोर बांधला आणि गाठ दोनदा तपासली. थोरली पोटावर आडवी झाली आणि सरपटू लागली. दहा हात. वीस हात. बर्फ कुरकुरलं. ती थांबली. पुन्हा निघाली. कोपराखाली पाणी आलं. बाहीतून आत शिरलं. भेग उघडली! तिने श्वास धरला, मिटेपर्यंत थांबली आणि तिच्यावरून अंग लोटून दिलं. दोर संपला तेव्हा काठ अजून चाळीस हात लांब होता. तिने मागे पाहिलं. कासव दोन्ही हातांनी नको नको म्हणत होता. तिने गाठ सोडली.

खोपीला दार नव्हतं. दार जाळलेलं होतं. बाक जाळलेला, शिडी जाळलेली, जमिनीच्या फळ्या अर्ध्या उपटलेल्या. कोपऱ्यात शेगडीला पाठ लावून बाबा बसले होते, हातोडी मांडीवर. थोरलीने शेगडीला हात लावला. कोमट होती. बाबांच्या गालाला लावला. तो शेगडीपेक्षा गार होता. पण पापणी हलली.

"उशीर केलास," बाबा म्हणाले.

छपराचा पत्रा ठोकायला ते आले होते. शिडीवरून पडले, नडगी मोडली. येताना काठाशी एक बूट भिजला होता, तो मोडक्या पायातून निघालाच नाही. पाच रात्री त्यांनी खोपी जाळून काढल्या. पाचव्या रात्री हातोडी उचलायचं बळ सरलं.

तिने त्यांना ताडपत्रीवर ओढून काठाला आणलं. दोर कमी पडत होता, म्हणून कासव पलीकडून पोटावर बराच पुढे सरपटत आला आणि त्याने दोराला लाकूड बांधून बर्फावरून सोडलं. तीन वेळा चुकलं, चौथ्यांदा हाती लागलं. बाबा ताडपत्रीसकट पलीकडे ओढले गेले, त्यांच्यामागे ती. मामाने मेव्हण्याला पाठीवर घेतलं आणि टेकडी चढताना अकरा वर्षांनी पहिलं वाक्य बोलला.

"किती जड झालात, दाजी."

आणि उठलेला वारा तेव्हाच मोकाट सुटला. असा सुटला की संध्याकाळपर्यंत सरोवरातलं सगळं बर्फ फुटून एकमेकांवर चढू लागलं. त्यात होडी घालणं म्हणजे सरळ मरण. तीन दिवस चौघं लॉजमध्ये अडकली. आदल्या दिवशी म्हातारा सापडला असता तर वाऱ्याआधी ती सगळी काठावर पोचली असती. हे चौघांनाही कळत होतं. बाबांचा पाय आधी पांढरा होता, मग जांभळा झाला, मग काळा. थोरली दर तासाला फडकं बदलायची आणि तो काळा रंग किती वर आला ते बघायची.

दुसऱ्या दुपारी बाबांचा ताप जरा उतरला तेव्हा तिने त्यांना सांगितलं. बिल्ल्याचं सगळं. काही लपवलं नाही.

"वीस वर्षं तू लावत आलीस," बाबा म्हणाले. "आणि वीस वर्षं मी लावू दिलं."

एवढंच. माफ केलं असं म्हणाले नाहीत. तिनेही मागितलं नाही.

चौथ्या दिवशी वारा पडला आणि होडी निघाली. पाय घोट्याच्या वर कापावा लागला. "एक-दोन दिवस आधी आणलं असतं तर," डॉक्टर म्हणाले आणि थोरलीचा चेहरा बघून पुढचं बोलले नाहीत.

उन्हाळा आला. लॉज उघडला. बाबा आले, कुबडी घेऊन. कुबडी मामाने केली होती.

"वाकडी आहे," बाबा म्हणाले.

"पाय सरळ टाका मग," मामा म्हणाला.

पहिल्या संध्याकाळी जेवणघर भरलेलं होतं. बाबा धक्क्यावरून बोटी बांधून आले आणि थेट टेबलाशी बसले. थोरली वाढत आली. या पाहुण्याला, त्या पाहुण्याला, कासवाला, मामाला. बाबांच्या पुढ्यातून ती तशीच पुढे गेली.

"माझं ताट?" बाबांनी विचारलं.

थोरली फळीकडे बघत होती. एक नंबरचा बिल्ला धक्क्याच्या ओळीत लटकत होता. तिच्या दोन्ही हातांत ताटं होती, आणि ती तिने घट्ट धरली होती.

"बाबा अजून धक्क्यावर आहेत," ती म्हणाली. "ते घरी आले की वाढते."

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. कासवाने खालमानेने घास घेतला. बाबांनी लेकीकडे पाहिलं. मग हात टेकून उठले, कुबडी काखेत घेतली आणि ठक ठक करत त्या लांबलचक जेवणघराच्या पार टोकाला गेले. धक्क्याच्या ओळीतून बिल्ला काढला, घराच्या ओळीत लावला. तसेच ठक ठक करत परत आले.

"आलो," ते म्हणाले.

तेव्हा तिने ताट ठेवलं.