काजळीचं रेडकू

रेड्याला कुणी मारत नाही. एवढं लक्षात ठेवा. म्हशीला रेडी झाली तर तिला दोन थानं सोडायची, रेडा झाला तर त्याचं दावं आखूड करायचं. बाकीचं आपोआप होतं. शनिवार पेठेतल्या ज्ञानूच्या गोठ्यातही ते आपोआपच झालं. काजळीला घटस्थापनेला रेडा झाला आणि दसऱ्याला तो मेला.

पण काजळी अडून बसली. पान्हा चोरायला लागली. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाईक ग्लास घेऊन उभं असतं, त्याला डोळ्यांदेखत धार काढलेली पाहिजे. तिथं पान्हा सुटायची सुई टोचायची सोय नाही. शेवटी शेजारच्या आण्णांनी मेलेल्या रेडकाचं कातडं सोललं, मीठ-हळद लावून वाळवलं, आत भाताचा पेंढा भरला आणि पोटावर सुतळीनं शिवलं. गल्लीतली अशी कैक रेडकं आण्णांच्या हाताखालून गेलेली.

"टाका सैल झाला की सांग," दाभण टोपीत खोचत ते म्हणाले. "न्हायतर पेंढा गळतोय."

डोळ्यांच्या जागी नुसती भोकं होती. काजळीनं हुंगलं, चाटलं, आणि धार सुटली. त्या दिवसापासून ज्ञानू ते रेडकू गाडीच्या टाकीवर आडवं बांधून कट्ट्यावर न्यायला लागला. मागून काजळी.

आता हे ऐका. काजळी ज्ञानूची होती. दिवाळीच्या पाडव्याला पेठेतल्या म्हशी सजवून मालकाच्या गाडीमागं पळवतात; तीन पाडवे ती त्याच्या गाडीमागं पळाली होती. सायलेन्सर काढलेल्या गाडीचा आवाज आला की तिचे कान ताठ व्हायचे. बाकी कुणाच्या आवाजाला ती शेपूट हलवायची नाही. ज्ञानू तिच्याकडं बघत राहायचा.

"माझ्याकडं कधी असं बघितलासा का ओ?" बायको, शालन, टोमणा मारायची. ज्ञानू मिशीत हसायचा.

कट्ट्यावर एक दिवस एका गिऱ्हाइकानं काडी लावली. "ज्ञानबा, म्हस तुझी का त्या पेंढ्याची रं?"

सगळा कट्टा हसला. ज्ञानू हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं रेडकू गोठ्यातच ठेवलं, गाडीला किक मारली, मूठ पिळली. काजळीचा कानसुद्धा वळला नाही. त्यानं रेडकू टाकीवर ठेवलं. ती आली. चार दिवस तो हेच करून बघत होता. माणूस माणसावर जळतो, समजू शकतं. हा गडी पेंढ्यावर जळत होता. आणि तो पेंढा त्यानंच भरवून घेतलेला.

जळणाऱ्याची नजर बारीक असते. रेडकाचं तोंड ओलं असायचं. असू दे, म्हस चाटते. तोंडाला फेस असायचा, पांढरा. असू दे. पण वाळलेलं कातडं आखडतं, आणि या रेडकाच्या गळ्यातलं दावं त्याला दोनदा सैल करावं लागलं. टाकीवर उचलून ठेवताना आता कमरेत कळ यायची.



पाडव्याच्या सकाळी काजळीची शिंगं रंगवली. गळ्यात कवड्यांची माळ, शिंगांना मोरपिसं, पाठीवरचे केस भादरून काढलेलं नाव : ज्ञानू. मग तो विळा घेऊन रेडकाजवळ बसला आणि टाके उसवायला लागला.

"सणाचं हे काय ओ?" शालन म्हणाली. "आन् संध्याकाळची धार?"

"मी असताना पान्हा सोडणार न्हाय व्हय ती? आज ती माझ्या मागनं पळणार. नुसती माझ्या."

आतला पेंढा कोमट होता. दुधाचा वास येत होता. त्यानं तो ओंजळी-ओंजळीनं काजळीच्या गव्हाणीत टाकला. तिनं शेवटची काडीसुद्धा ठेवली नाही. कातडं त्यानं पंचगंगेत सोडलं.

मग किक मारली.

काजळी आली.

अख्खी पेठ शिट्ट्या मारत होती. नदीच्या घाटापर्यंत तिचं नाक त्याच्या पाठीला लागलेलं. ज्ञानू गाडीवरून उतरला, दोन्ही हात वर करून ओरडला, "बघितलासा का रं?"

काजळीनं त्याचा गळा चाटला. मग कान. मग डोळे, सावकाश, एकेक. व्यालेली म्हस चाटते तसे.

लोक हसले. मोबाईल वर झाले.

तिनं नाकाडानं त्याला ढकललं. पाठीत एक, कमरेत एक. कासेकडं.

कुणाचा हात लागला नव्हता. चारही थानांतून दूध घाटाच्या दगडांवर पडायला लागलं.

हसणं थांबलं.

त्यानंतर काजळी कधी अडली नाही. ज्ञानूनं फक्त समोर बसायचं, रेडकाच्या खुंट्यापाशी. गिऱ्हाईक आता गोठ्यात येतं. धार शालन काढते. तो शहाण्यासारखा बसतो, मान पुढं करून. भाकरीला हात लावत नाही.

"पोट भरलंय," म्हणतो.

पाडव्यापासून गोठ्यात पेंढा आणलेला नाही, नुसतं उसाचं वाडं. तरी खुंट्यापाशी झाडताना शालनला रोज भाताच्या काड्या मिळतात. पहिल्यांदा दोन-तीन, मग मूठभर. त्याच्या पाठीवर हात ठेवला की खसखस वाजतं.

काल सकाळी ती आण्णांच्या दारात उभी राहिली. मागं गोठ्यात काजळीची जीभ सावकाश चालू होती, खरखरीत.

"आण्णा, दाभण देतासा का?"

"कशाला गं?"

शालननं पदर सावरला.

"टाका सैल झालाय."